४० जणांसाठी सेराडुरा: क्रीम का बसतं आणि बिस्कीट का सादळतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सांगलीला मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाचा ५० वा वाढदिवस आहे, घरची आणि जवळची मिळून ४० माणसं, आणि गोव्यात खाल्लेला तो मारी बिस्किटांच्या नि क्रीमच्या थरांचा सेराडुरा तुम्हाला स्वतः करायचाय. एकदा करून बघितलात तर क्रीम कितीही फेटलं तरी दाट होईना, ग्लासात थर एकमेकांत मिसळले आणि वरचा चुरा दुसऱ्या दिवशी चिवट झाला. घरात अंडं चालत नाही, जिलेटीनही नको. मी म्हापशाला पार्ट्यांच्या, बारशाच्या, लग्नाच्या डेझर्टच्या ऑर्डरी घेते आणि सेराडुरा हा त्यातला सगळ्यात जास्त मागणी असलेला प्रकार, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तुमच्या हाताचा काही दोष नाही. तुम्ही लिहिलंय की दुकानात मिळणारा फ्रेश क्रीमचा टेट्रापॅक वापरला. त्यात फॅट असतं २५ टक्के. ते क्रीम पनीर मखनीत घालायला, फ्रूट सॅलडमध्ये ढवळायला उत्तम, पण ते फेटून फुलत नाही, तासभर बीटर चालवा, बर्फावर ठेवा, साखर घाला, काही करा. क्रीम फुगतं म्हणजे काय होतं, तर बीटर त्यात हवा मारतो आणि त्या हवेच्या बुडबुड्यांभोवती फॅटचे कण एकमेकांना चिकटून एक जाळी तयार होते, ती जाळी बुडबुड्यांना धरून ठेवते. फॅट कमी असलं तर जाळी पुरी होतच नाही. साधारण ३० टक्क्यांच्या खाली हा खेळ जमत नाही, ३५ च्या आसपास असलं तर मस्त जमतो. म्हणून पॅकच्या पुढच्या बाजूचं सुंदर चित्र न बघता मागची बारीक अक्षरं वाचायची, तिथे मिल्क फॅट किती टक्के लिहिलंय तेवढं बघायचं, आणि 'व्हिपिंग क्रीम' असंच लिहिलेलं घ्यायचं.

आणि घरच्या दुधाची साय साठवून चालेल का असं मला खूप जणी विचारतात, तर नाही चालत, तापवलेल्या दुधाची साय फेटली की तिचं लोणी होतं, आणि ते लोणी चांगलंच असतं पण आपल्याला ते नकोय.

दुसरं कारण उन्हाळा. फॅटची जाळी टिकते ती फॅट घट्ट असेल तरच, आणि दुधाचं फॅट १० अंशांच्या वर गेलं की मऊ पडायला लागतं. सांगलीत मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघरात ३६-३८ अंश सहज असतात. म्हणजे फ्रीजमधून काढलेलं क्रीम भांड्यात ओतलं, मग बीटरच्या कांड्या शोधल्या, मग प्लग बोर्डापर्यंत पोचत नाही म्हणून एक्स्टेंशन आणलं, तेवढ्यात ते १५ अंशांवर पोचलेलं असतं. त्यामुळे उन्हाळ्यात क्रीमचं काम मी पहाटे नाहीतर रात्री दहानंतर करते, तुम्हीही तसंच करा. एसीची खोली असेल तर सरळ टेबल तिथे मांडा, लाजायचं काय त्यात.

आता कुठलं क्रीम. बाजारात दोन जाती आहेत. एक दुधाचं, डेअरी व्हिपिंग क्रीम. दुसरं नॉन-डेअरी, जे बेकरीवाले केकवर वापरतात, ते वनस्पती तेलाचं असतं, बहुतेक वेळा पाम कर्नल तेलाचं, आधीच गोड केलेलं, आणि फ्रोजन मिळतं. डेअरी क्रीम फुगून साधारण दुप्पट होतं, नॉन-डेअरी तिप्पट किंवा त्याहून जास्त. नॉन-डेअरी उन्हाळ्यात खंबीर उभं राहतं, जास्त फेटलं तरी लोणी होत नाही, स्वस्त पडतं. मग प्रश्नच मिटला की, असं वाटेल, पण चव! नुसत्या नॉन-डेअरीचा सेराडुरा खाल्ला की टाळूला एक मेणचट थर बसतो, कारण ते फॅट तोंडाच्या उबेने नीट विरघळत नाही, आणि ज्याने पणजीत किंवा मडगावला चांगला सेराडुरा खाल्लाय त्याला पहिल्या चमच्यात फरक कळतो. थंडीत मी पूर्ण डेअरीच वापरते. मे महिन्यात, आणि ते ग्लास फ्रीजमधून निघून माणसांच्या हातात जाईपर्यंत वेळ लागणार असेल तर, मी दोन्ही मिसळते, जास्त डेअरी आणि थोडं नॉन-डेअरी. तुम्हालाही हेच सांगेन. एक मात्र लक्षात ठेवा, नॉन-डेअरी म्हणजे दूध अजिबात नाही असं नसतं, पुष्कळ पॅकमध्ये सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधातलंच प्रोटीन आहे, तेव्हा कुणाला दुधाची ॲलर्जी असेल तर त्यांच्यासाठी हा पदार्थ नाहीच, त्यांना वेगळं काहीतरी ठेवा.

अंड्याचा आणि जिलेटीनचा प्रश्न तर इथे येतच नाही. मुळात सेराडुराला दोन्ही लागत नाहीत, क्रीम, कंडेन्स्ड मिल्क, मारी बिस्कीट आणि थोडा व्हॅनिला, संपलं. कुणी कुणी थर घट्ट बसावेत म्हणून जिलेटीन घालतात, पण मग तो चमच्याला लपलपतो आणि क्रीमची मजा जाते. जिलेटीनऐवजी चायना ग्रास घालू का असं विचाराल तर तेही नको. ते उकळून विरघळवावं लागतं आणि ४० अंशांच्या आसपास आलं की गोठायला लागतं, म्हणजे थंडगार क्रीममध्ये ओतलंत की त्याच्या बारीक गुठळ्या होणार आणि त्या दाताखाली येणार. क्रीम योग्य असलं की कशाचीच गरज पडत नाही.

मारी बिस्किटाबद्दल थोडं, कारण तुम्ही पार्ले-जी किंवा ओरिओ चालेल का असंही विचारलंय. पोर्तुगालमध्ये हे बिस्कीट घराघरात असतं आणि तिथल्या कितीतरी थंड गोड पदार्थांचा तो पायाच आहे. कॉफीत बुडवलेल्या मारीचा आणि बटरक्रीमचा थरांचा केकही ते करतात. तिथूनच सेराडुरा मकावला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतीत, रुजला आणि आपल्या गोव्यातही रेस्टॉरंटांच्या मेनूवर बेबिंकाच्या, म्हणजे गोव्याच्या थरांच्या केकच्या, शेजारी दिसतो. गंमत म्हणजे बिस्कीट मूळचं पोर्तुगीज नाहीच, लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने १८७४ मध्ये रशियाची राजकन्या मारिया अलेक्झांड्रोव्हना आणि ड्यूक ऑफ एडिनबरा यांच्या लग्नानिमित्त ते काढलं. म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाला याहून योग्य बिस्कीट कुठलं मिळणार!

तर मारीच का, तर ते कोरडं आहे, कमी गोड आहे, कमी तुपकट आहे. कंडेन्स्ड मिल्कची गोडी एवढी असते की बिस्कीट फिकं असलेलंच बरं. पार्ले-जी गोड आहे आणि त्याची चव फार ओळखीची, खाणारा लगेच चहा आठवतो. डायजेस्टिव्ह चांगलं लागतं पण त्यात तूप जास्त, त्यामुळे पूड मोकळी राहत नाही. ओरिओवर खाली येते.

पूड करताना बहुतेक जण घाई करतात. या पदार्थाच्या नावाचा अर्थच लाकडाचा भुसा, आणि पूड खरंच करवतीच्या खाली पडतो तशी बारीक, हलकी, मोकळी हवी. मिक्सरच्या कोरड्या भांड्यात, कोरड्या म्हणजे अगदी कोरड्या, एका वेळी दहा-बाराच बिस्किटं तोडून घाला आणि पल्सवर फिरवा, सलग फिरवलंत तर भांडं गरम होतं आणि खालची पूड चिकटते. मग रव्याच्या चाळणीने चाळा. वर राहील ते परत फिरवा. पिशवीत घालून लाटण्याने चुरलं तर एकसारखं होत नाही, मोठे तुकडे क्रीममध्ये बुडतात, बारीक पूड वर तरंगते, आणि बाहेरून ग्लासातला थर वाकडातिकडा दिसतो. ही पूड दोन दिवस आधी करून हवाबंद डब्यात ठेवली तरी चालते. पावसाळा नाहीये म्हणून निर्धास्त, जूनमध्ये मी असं सांगितलं नसतं.

प्रमाण आता. भरपेट जेवणानंतर, म्हणजे तुमच्याकडे पुरणपोळी नाहीतर मसालेभात-जिलबी असणारच, माणशी १०० मिली पुष्कळ झालं. ग्लास १५० मिलीचे घ्या आणि १०० पर्यंतच भरा, वर जागा लागते ती का ते पुढे सांगते. ४० माणसांना ४४ ग्लास धरा, दोन-चार पोरं दुसऱ्यांदा मागतातच. त्यासाठी:

डेअरी व्हिपिंग क्रीम १ लिटर
नॉन-डेअरी व्हिप ४०० मिली
कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा
मारी बिस्किटं ६०० ग्रॅम
व्हॅनिला इसेन्स ३ छोटे चमचे, आणि मीठ चिमूट-दोन चिमूट

मीठ वगळू नका. ते नसेल तर गोडी सपाट लागते. आणि वरून साखर अजिबात नको, नॉन-डेअरीत आधीच आहे आणि कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात तर निम्म्याच्या आसपास साखरच असते. पोर्तुगीज आणि मकावच्या पद्धतीत काही जण याहून बरंच जास्त कंडेन्स्ड मिल्क घालतात, पण तिथे छोट्या वाटीत, कडक कॉफीबरोबर खातात. आपल्याकडे जिलबीनंतर खायचंय, तेव्हा हात आखडताच ठेवा. सगळं डेअरीच वापरायचं ठरवलंत तर दीड लिटर क्रीम आणि ६०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, बाकी तेच.

करायचं कसं ते आता नीट वाचा, कारण गाडी घसरते ती इथेच. नॉन-डेअरीचा पॅक आदल्या दिवशी फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर ठेवून वितळवू नका, आणि एकदा वितळलेला पॅक परत गोठवू नका. थोडे बर्फाचे कण शिल्लक असताना फेटला तर सगळ्यात छान फुगतो. डेअरी क्रीम फ्रीजच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, दारात नाही. भांडं स्टीलचं, उभट, आणि ते बीटरच्या कांड्यांसकट अर्धा तास फ्रीझरमध्ये. कंडेन्स्ड मिल्कही फ्रीजमध्येच, हे कुणी सांगत नाही, बाकी सगळं थंड करून शेवटी खोलीच्या तापमानाचं कंडेन्स्ड मिल्क त्यात ओततात आणि मग क्रीम का बसलं म्हणून डोकं धरतात. थंड झाल्यावर ते जरा जाड होतं, धार नीट पडत नाही, त्याने काही बिघडत नाही.

एका मोठ्या परातीत बर्फ आणि पाणी घ्या, नुसता बर्फ नको, पाण्यामुळे भांड्याला सगळीकडून गारवा लागतो, आणि त्यात ते स्टीलचं भांडं बसवा. एका वेळी अर्धा लिटरच डेअरी क्रीम. घरचा हॅन्ड मिक्सर एक लिटरला पुरत नाही, मोटर तापते आणि क्रीमही. आधी सगळ्यात कमी स्पीड, मोठे मोठे बुडबुडे येतील, मग ते बारीक होत जातील, तेव्हा मध्यम स्पीड. फुल स्पीडवर कधीच जाऊ नका, लवकर होतं हे खरं पण हवा मोठ्या बुडबुड्यांची भरते आणि ती लवकर निघून जाते. तीन-चार मिनिटांत बीटरच्या मागे रेघा उमटायला लागतात, आधी त्या लगेच पुसल्या जातात, मग जरा रेंगाळतात. रेंगाळायला लागल्या आणि कांडी उचलल्यावर टोक येऊन लगेच वाकलं की थांबा. हा सॉफ्ट पीक. आता अर्धा डबा, म्हणजे २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क तीन वेळा करून, भांड्याच्या कडेने सोडा, मधोमध ओतू नका. प्रत्येक वेळी कमी स्पीडवर फक्त मिसळेपर्यंत. घातल्याबरोबर क्रीम सैल पडेल, घाबरू नका, व्हॅनिला आणि मीठ घाला आणि परत मध्यम स्पीडवर मिनिटभर. टोक उभं राहून नुसती शेंडी झुकली की झालं. याच्यापुढे एक पाऊलही नको. इथून लोणी होण्यापर्यंतचं अंतर उन्हाळ्यात अर्ध्या मिनिटाचं असतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात नेमकी दाराची बेल वाजते. शेवटचं जे काही असेल ते मी बीटर बंद करून हाताच्या व्हिस्कने करते.

क्रीम दाणेदार दिसायला लागलं, पिवळट झाक आली, तर लगेच बीटर बंद, आणि दोन-तीन चमचे थंड न फेटलेलं क्रीम घालून स्पॅच्युलाने अलगद वरखाली करा, बहुतेक वेळा सावरतं. यासाठी प्रत्येक पॅकमधलं वाटीभर क्रीम बाजूला ठेवायचं, काही बिघडलं नाही तर शेवटच्या घाण्यात जातंच. पण पाणी सुटून लोण्याचे गोळेच दिसायला लागले तर तो घाणा गेला, ते गोड लोणी ब्रेडला लावा आणि दुसरा पॅक फोडा.

असे डेअरीचे दोन घाणे, आणि नॉन-डेअरी वेगळं फेटून त्याचे दोन भाग करून एकेका घाण्यात मिसळायचं, स्पॅच्युलाने, खालून वर, भांडं फिरवत. तीन वेळा करून मिसळा. एकदम ओतून गोल गोल ढवळलंत तर एवढा वेळ कोंबलेली हवा बाहेर.

आता थर. पायपिंग बॅग घ्याच, चमच्याने घालायला गेलात तर ग्लासच्या आतल्या बाजूला सगळीकडे क्रीमचे डाग पडतात आणि काचेतून थर दिसण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. बॅग नसेल तर जाड दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन कोरडी करून कोपरा कापा, छान काम होतं. बॅग पूर्ण भरू नका, हाताच्या उबेने आतलं क्रीम सैल होतं, अर्धी भरा आणि बाकीचं भांडं फ्रीजमध्ये ठेवा.

तळाला आधी क्रीम. पुष्कळ जण आधी बिस्कीट घालतात पण तळाची पूड खालच्या कोपऱ्यात दडून बसते, चमचा तिथे पोचत नाही आणि शेवटी कोरडी पूड तोंडात येऊन ठसका लागतो, आजी-आजोबा मंडळी आहेत तेव्हा हे बघायलाच हवं. साधारण एक सेंटिमीटर क्रीम, ग्लास टेबलावर फडक्यावर दोनदा हलकेच आपटा म्हणजे पोकळ्या भरतात, मग अर्धा सेंटिमीटर पूड. पूड चमच्याच्या पाठीने नुसती सारखी करायची, दाबायची नाही. दाबलेली पूड ओलावा पिऊन लगदा होते, मोकळी पूड ओलावा पिऊन मऊ होते, आणि आपल्याला मऊच हवी आहे. कडेला आधी टाकायची, मग मध्ये, म्हणजे बाहेरून रेघ स्वच्छ दिसते. परत क्रीम, परत पूड, परत क्रीम. तीन थर क्रीमचे, दोन पुडीचे, बस. रेस्टॉरंटात पाच-सहा दिसतात ते उंच ग्लासात. १०० मिलीत जास्त थर केलेत तर सगळंच बारीक होतं आणि चवीला एकच लागतं. थरांची हौस असेल तर बेबिंका करा, तिथे एकेक थर वरून भाजत सात आणि त्याहून जास्त थर करतात, आणि दिवस जातो त्यात.

सगळ्यात वरची पूड आत्ता नाही घालायची! तुमचा वरचा चुरा चिवट झाला तो याच्यामुळे. मारीमध्ये ओलावा जवळजवळ नसतोच, क्रीममध्ये भरपूर, आणि फ्रीजमध्येही दमट हवा, त्यामुळे पूड दोन्हीकडून पाणी ओढते. मधल्या थरांना क्रीम झाकून ठेवतं म्हणून ते ओलसर, केकसारखे होतात, ते तसेच हवेत. वरचा थर मात्र अर्धा सादळून अर्धा सुकून चामड्यासारखा होतो. म्हणून वरची पूड वेगळ्या डब्यात ठेवा, जेवणं होत आली की एकेका ग्लासावर चहाच्या गाळणीतून भुरभुरवा. ग्लास १०० पर्यंतच भरा म्हणाले ते यासाठी. आणि पूर्ण वर्तुळ झाकलं गेलं पाहिजे, अर्धवट पांढरं दिसलं की घाईत केल्यासारखं वाटतं.

वेळ. कमीत कमी सहा तास फ्रीजमध्ये, रात्रभर सगळ्यात उत्तम. दुपारचं जेवण असेल तर आदल्या रात्री दहा-साडेदहाला करायला बसा. २४ तासांपर्यंत देखणा राहतो, त्यानंतर चव असते पण थरांच्या रेघा पुसट होतात. दोन दिवस आधी करून ठेवणं मला पटत नाही.

आता घरच्या फ्रीजचा विचार आधी करा, क्रीम फेटून झाल्यावर नको. ४४ ग्लास म्हणजे साधारण ५० बाय ३० सेंटिमीटरच्या कप्प्यात जेमतेम २५-२८ बसतात, म्हणजे दोन पूर्ण कप्पे रिकामे हवेत, आणि उंचीही बघा. आदल्या दिवशी कोरडे ग्लास ट्रेत मांडून तो ट्रे फ्रीजमध्ये शिरतो का बघून घ्या, दोन ट्रे शेजाऱ्यांकडे ठेवायची वेळ आली तरी आधीच कळलेलं बरं. ट्रेवर क्लिंग फिल्म लावा, कारण क्रीम फ्रीजमधला प्रत्येक वास ओढून घेतं. चिरलेला कांदा, लसणाची चटणी, आमच्याकडे तर सुकं बांगडं, हे सगळं त्या रात्रीपुरतं बाहेर. लाइट जात असेल तर दार उघडू नका, भरलेला बंद फ्रीज चार तास तरी गारवा धरतो.

कार्यक्रम घरी नसून हॉलवर असेल तर थर्माकोलचा खोका, तळाला जेलचे आइस पॅक नाहीतर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, वर पुठ्ठा, त्यावर ग्लास, आणि गाडीत ते मागच्या डिकीत न ठेवता एसीत पायाशी ठेवा. सुटा बर्फ नको, वितळून ग्लासात पाणी जातं. हॉलवर टेबलावर आधीपासून मांडून ठेवू नका, फोटोला छान दिसतं पण २० मिनिटांत उतरायला लागतं. आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही, दुधाचा पदार्थ आहे, ३२ अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात एका तासाच्या वर बाहेर राहिलेला ग्लास कुणाला देऊ नका, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना. पंगतीच्या पंगती असतील तर दहा-दहा करून काढा. मी उन्हाळ्याच्या ऑर्डरींना आणखी एक करते, देण्याआधी पाऊण तास ग्लास फ्रीझरमध्ये टाकते, कडा किंचित आइसक्रीमसारख्या धरतात, हातात गेल्यावर बेताचं मऊ होतं. तुम्हाला हे फार उपयोगी पडेल.

ओरिओचं. पोरांना आवडतं म्हणून निम्मे ग्लास ओरिओचे करायचे म्हणताय, करा. पण ते बिस्कीट मधल्या क्रीमसकट फिरवलं की पूड ओली होऊन गोळा बनते, म्हणून मधलं पांढरं सुरीने काढून टाका, आणि ते क्रीमच्या घाण्यात ढकलू नका, नुसती साखर आणि तेल आहे ते. काळी बिस्किटं बारीक पूड केली की क्रीमला राखाडी करून टाकतात, तेव्हा ती जाडसरच ठेवा आणि त्या घाण्यात कंडेन्स्ड मिल्क थोडं कमी. माझ्या मते मोठ्यांना मारीचाच द्यावा, ओरिओचा गोडवा दोन चमच्यांनंतर अंगावर येतो.

मे महिना म्हणजे आंबा घालण्याचा मोह होणारच. घाला, पण हापूसचा रस सरळ थरात ओतू नका, पाणी सुटून खालची पूड भिजते. रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा, पूर्ण गार करा आणि फक्त एकच पातळ थर, तोही दोन क्रीमच्या मध्ये, पुडीला न लागेल असा. आणि कंडेन्स्ड मिल्क पाव भागाने कमी करा. कच्चं अननस मात्र अजिबात नको, त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधाच्या प्रोटीनला तोडतं आणि दोन तासांत क्रीम कडू लागतं, घालायचंच तर साखरेत शिजवून घ्या, शिजवलं की ते मरतं.

सांगलीत डेअरी व्हिपिंग क्रीम नक्की मिळेल, बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात आठवडाभर आधी सांगून ठेवा, आणि घेताना पॅक हातात धरून हलवून बघा, आत गुठळ्या लागत असतील तर तो वाटेत गरम होऊन परत थंड झालेला माल आहे, घेऊ नका. अगदी शेवटच्या क्षणी मिळालंच नाही तर तेच २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम आणि चांगला आंबट नसलेला चक्का निम्मा निम्मा घ्या, चक्का चाळणीतून घोटून, त्यात कंडेन्स्ड मिल्क आणि वेलची. त्याला मी सेराडुरा म्हणणार नाही, पण थर उभे राहतात आणि सांगलीकरांना तो जास्त आवडला तर मला नवल वाटणार नाही.

कार्यक्रमाच्या आधी एकदा पाव प्रमाणात, म्हणजे डेअरी क्रीमचा २५० मिलीचा एकच पॅक आणून, त्याच बीटरने आणि त्याच वेळी रात्री करून बघा, तुमच्या मिक्सरला सॉफ्ट पीकला किती मिनिटं लागतात ते कळेल. उरलेले ग्लास झाकून फ्रीझरमध्ये टाका, चार-पाच दिवस गोठलेलेच खा, वितळवून परत फ्रीजमध्ये लावू नका, पाणी सुटतं.